आधी पंगत, मग बाजा

इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत बबन तायडेला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं मोजकीच होती. मोटारीच्या कारखान्यात तो बॉब होता, कारखान्याच्या सोशल क्लबात बॉब होता, आणि शनिवारी कुणाच्या तरी लग्नात सॅक्सोफोन गळ्यात अडकवून उभा राहिला की ‘बॉब ऑन सॅक्स’ होता. घरी यमुना त्याला ‘अहो’ म्हणायची, आणि चिडली की तेही म्हणायची नाही. स्वच्छ मराठीत ‘अरे बबन’ म्हणणारा माणूस एकच, अतुल सहस्रबुद्धे. तो त्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात इंजिनिअर होता आणि पुण्याचा होता. त्याच्या आडनावापर्यंत क्लबातल्या एकाही गोऱ्याची जीभ कधी पोचली नाही, म्हणून तोही नुसता ‘अटूल’.

बबन फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकला होता. सहासष्ट साली इंग्लंडला आला, तेव्हा पत्र्याच्या पेटीत दोन पँटी, एक स्वेटर आणि ती क्लॅरिनेट एवढंच होतं. इथं क्लबातल्या म्हाताऱ्या डेरेकनं त्याला सॅक्सोफोनची गोडी लावली. डेरेक पियानो वाजवायचा. पुढं गिटार घेऊन अतुल आला. त्याचा आवाज बरा होता, आणि इंग्रजी तर असं की फोनवर समोरच्याला वाटावं, कुणी लॉर्डच बोलतोय. तिघांचा मिळून बँड झाला आणि लग्नांची बोलावणी यायला लागली.

इंग्रजांच्या लग्नात चर्चमधल्या शपथा दुपारीच उरकतात. मग जेवण आणि भाषणं, आणि संध्याकाळी हॉलच्या मधली जागा मोकळी करून नवरानवरी दोघंच नाचतात. हा पहिला नाच. गाणं त्या दोघांचं खास असतं, आणि ते ओसरेपर्यंत दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही. बबनला हा प्रकार आधी अंमळ निर्लज्जपणाचा वाटला होता. पण दोन-चार लग्नं वाजवल्यावर त्याच्या लक्षात आलं की दिवसभर फोटोवाल्याकडे, सासूकडे, पावसाकडे बघणारी नवरी त्या नाचात पहिल्यांदा नवऱ्याकडे बघते. ते बघणं सांभाळणं हे आपलं काम, असं त्यानं मनाशी धरलं. तो वाजवताना कधी कागदाकडे बघायचा नाही. नवरीच्या पावलांकडे बघायचा. नवरा धसमुसळा असला, पायघोळ झग्यात बूट अडकायला लागले, की बबन सूर जरा लांबवायचा आणि डेरेक त्याच्यामागून गती उतरवायचा. जोडप्याला वाटायचं, आपल्याला नाचता येतंय. ऐकणाऱ्यांना कळायचंही नाही, इतकं ते बेमालूम असायचं.

आता त्याच्या बापाची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

काशीनाथ तायडे अकोल्याकडच्या एका खेड्यात सनई वाजवायचा. हौस म्हणून नव्हे. गावातल्या लग्नांत वाजवणं हे त्याच्या जातीच्या कपाळी लिहिलेलं काम होतं. नवरदेवाच्या पुढं वाजवत चालायचं, मांडवाच्या बाहेर वाजवत उभं राहायचं, आणि सगळ्या पंगती उठल्यावर घरून नेलेल्या भांड्यात लांबून वाढतील ते घेऊन घरी यायचं. छपन्न साली काशीनाथ नागपूरला गेला, धम्माची दीक्षा घेऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी सनई फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगली. पाटील स्वतः दारात आला, दम दिला, गोड बोलला. काशीनाथनं पुन्हा ती खाली काढली नाही. त्या हिवाळ्यात घरात ज्वारी कमी आणि ताठा जास्त होता, असं बबन सांगायचा.

एकोणऐंशी साली बबन सुट्टीवर घरी गेला, तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला समोर बसवलं.

“लग्नात वाजवतं म्हणे तू तिकडं?”

“हो, बा. पण तिकडं तसं नसते. मान असते.”

“जेवाले कुठं बसवतेत तुले?”

बँडवाल्यांना स्वयंपाकघराच्या बोळात, रिकाम्या क्रेटवर बसवून सँडविच देत. डेरेकलाही तिथंच देत. त्यात जात नव्हती, हे खरं. पण बापाच्या डोळ्यांकडे बघून ते सांगायला त्याची जीभ उचलेना.

“साहेब असो का पाटील असो,” काशीनाथ म्हणाला, “आधी पंगत, मग बाजा. पंगत नसंल तं बाजा उचलू नको.”

परत आल्यावर बबननं बँडला नियम घातला. पाहुण्यांच्या हॉलमध्ये, पाहुण्यांसारख्या टेबलावर, पाहुण्यांचंच जेवण बँडला मिळालं पाहिजे, आणि ते पहिल्या नाचाच्या आधी. डेरेकला वाटलं, बॉब खादाड आहे. क्लबात त्यावर बरेच विनोद झाले. बबननं ते सगळे गिळले, पण कारण सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त अतुलला, रग्बी गावातल्या एका लग्नाहून परत येताना व्हॅनमध्ये. सनई, आढं, भांडं, पाटील, सगळं. अतुलनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग म्हणाला, “माझ्यावर सोड. यापुढं हे मी बघतो.”

आणि त्यानं ते बघितलंही, हे कबूल केलं पाहिजे. एका गोल्फ क्लबातली हकीकत तर कॉव्हेंट्रीतल्या मराठी घरांत वर्षानुवर्षं गाजली. तिथल्या मॅनेजरनं तिघांना सरळ भांडी घासायच्या खोलीकडे पिटाळलं. बबननं सॅक्सोफोनची पेटी उघडलीच नाही. नवरानवरी फ्लोअरवर हात धरून उभी, डेरेक घामाघूम, आणि अतुल मॅनेजरच्या छातीला छाती लावून लॉर्डांच्या इंग्रजीत भांडतोय. शेवटी स्टेजला लागून एक टेबल मांडलं. बबननं सूप घेतलं, कोंबडी खाल्ली, पुडिंग खाल्लं. शंभरेक माणसं गप्प बसून त्याचं जेवण बघत होती. त्याचे कान लाल झाले होते, पण त्यानं चमचा घाईनं उचलला नाही. मग तोंड पुसून तो उठला आणि त्यानं असं वाजवलं की नवरीच्या आजीनं येऊन त्याचा मुका घेतला. अतुल ही गोष्ट रंगवून सांगायचा, बबनच्या चमच्याची नक्कल करायचा, आणि ऐकणारे हसून लोळायचे. बबनही हसायचा. आपल्यासाठी कुणीतरी भांडलं, याचं सुख त्याला त्या हसण्यात मिळायचं.

विहारात पौर्णिमेला भेटणाऱ्या काही मंडळींना मात्र हे रुचत नव्हतं. बापानं बाजा सोडला आणि पोरगा साता समुद्रापार जाऊन लग्नात वाजवतो, असं ते तोंडावर बोलून दाखवत. बबन म्हणायचा, “मी जेवून वाजवतो.” एवढंच उत्तर, आणि ते त्याला पुरेसं वाटायचं.

दरम्यान गाणी बदलत गेली. बबनच्या सुरुवातीच्या वर्षांत पहिल्या नाचाचं गाणं बहुतेक नवरीचा बाप ठरवायचा. लढाईच्या काळातलं, त्याच्या स्वतःच्या तरुणपणातलं, संथ तीन मात्रांचं काहीतरी. पोरांना पावलं येत असत, निदान आयांनी स्वयंपाकघरात घोटून घोटून शिकवलेली तरी असत. मग सॅक्सोफोनचे दिवस आले. रेडिओवरच्या दर दुसऱ्या प्रेमगीतात कडव्यांच्या मधे सॅक्सोफोन रडायला लागला, आणि बबनचा भाव असा वधारला की डेरेक त्याला चिडून ‘मिस्टर इंटरव्हल’ म्हणायचा. गाणी आता नवरी ठरवायला लागली. खांद्यात उशा भरलेले कोट घालून नवरे यायचे. पावलं कुणालाच येत नव्हती. एकमेकांच्या गळ्यात पडून जात्यासारखं जागच्या जागी फिरायचं, झाला नाच. कित्येकदा गाण्यातला प्रियकर प्रेयसीला कायमचा सोडून चाललेला असायचा, आणि इथं दोघं त्यावर डोळे मिटून डोलायची. चाल गोड, मग शब्द कोण ऐकतो?

नंतर पोरं म्हणायला लागली, “अगदी रेकॉर्डसारखं वाजवा.” तिथंच बबनला धोका कळायला हवा होता. रेकॉर्डसारखंच हवं, तर रेकॉर्डच का नको? ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शहराच्या फोलशिल भागातला हरजित रंगीत दिवे आणि कपाटाएवढे स्पीकर घेऊन लग्नांत फिरायला लागला. एकट्या माणसात काम भागे, आणि त्याला कुठंही बसवून काहीही खायला दिलं तरी चाले. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात तर एका सिनेमातलं एकच गाणं सबंध देशाच्या लग्नांत वाजलं. दर शनिवारी तेच गाणं, त्याच गायकाच्या घोगऱ्या आवाजात, सीडीवर. नक्कल कुणाला नको होती. डेरेकची बोटं आखडली, अतुलनं गिटार माळ्यावर टाकली, आणि बँड कधी संपला ते कुणी जाहीरही केलं नाही. कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा बबन बाहेर पडला आणि हॉस्पिटलात पोर्टर म्हणून लागला.

बँड गेला तरी अतुल उरला होता. कॉव्हेंट्रीतच अर्ल्सडनला त्याच्या घरी बबन आणि यमुना महिन्यातून एकदा तरी जेवायला जायची. त्याची मुलगी शिल्पा गॅरेजमधल्या तालमी ऐकत, अँप्लिफायरवर बसून पाय हलवत मोठी झाली होती. बबननं तिला क्लॅरिनेट शिकवली. यमुनेला मूल नव्हतं. तिनं शिल्पाच्या वेण्या घातल्या, तिला पुरणपोळी लाटायला बसवलं, आणि पोळी फाटली की दोघी हसत बसायच्या.

चौऱ्याण्णव साली शिल्पाचं लग्न ठरलं. मुलगा अजय, केंब्रिजला संशोधन करणारा, आईवडील पुण्याचे. सकाळी मंगलाष्टकं आणि अक्षता, संध्याकाळी हॉटेलात पार्टी, आणि पार्टीत पहिला नाच. मराठी लग्नात नवरानवरीनं सगळ्यांदेखत नाचायचं, यावर अतुलच्या बायकोनं, मंजिरीनं, आठवडाभर अबोला धरला होता म्हणतात. शिल्पा बधली नाही. ती थेट बबनच्या घरी आली.

“काका, माझा फर्स्ट डान्सला तुम्ही वाजवायचा. सीडी नको मला. सीडी थांबत नाही कुणासाठी.”

“अगं, माझी फुंक आता राहिली नाही पहिल्यासारखी.”

“प्रॅक्टिस करा मग! अजयला डान्स नाही येत. तो माझा साडीवर पाय देणार, आय नो. तुम्ही स्लो करा ना, जसा सगळ्यांसाठी करायचे.”

हे तिच्या लक्षात राहिलं होतं! बबनला भरून आलं. त्यानं सॅक्सोफोन पलंगाखालून काढला, त्याच्या तोंडाशी बसवायची वेताची नवी पाती आणली, आणि रोज कामावरून आल्यावर न्हाणीघरात दार लावून सराव सुरू केला. शेजारच्या मिसेस ओ’कॉनर भिंत ठोकायच्या. गाणं शिल्पानंच दिलं होतं, नवीन, मधे सॅक्सोफोनचा लांबलचक तुकडा असलेलं. पण बबनच्या मनात गाण्यापेक्षा दुसरंच काही होतं. आयुष्यभर त्यानं परक्यांच्या पंगतीत भांडून जागा मिळवली होती. आता मित्राच्या घरचं लग्न. या पंगतीत न मागता बसायचं, पाहुणा म्हणून जेवायचं, आणि घरचं माणूस म्हणून तिथून उठून वाजवायचं. बा असता तर त्याला हे सांगितलं असतं, असं तो यमुनेला दोनदा तरी म्हणाला.

लग्नाच्या आठवडाभर आधी अतुलच्या घरी व्याही मंडळींसाठी चहा होता. अजयच्या वडिलांनी बबनला आपुलकीनं विचारलं, “तायडे म्हणजे, कुठले तुम्ही?”

“अकोल्याचा.”

“नाही, पण मूळचे?”

“मूळचाही अकोल्याचाच.”

व्याह्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. त्यांना हवं ते उत्तर मिळालं नव्हतं, आणि मिळालंही होतं. तेवढ्यात अतुल मधे पडला. “बबन आमच्या बँडमध्ये होता. सॅक्सोफोन फार सुंदर वाजवतो. शिल्पाच्या पार्टीत वाजवणार आहे.”

“अच्छा, वाजवणारे का!” व्याह्यांचा चेहरा मोकळा झाला, जणू त्यांना बबनला ठेवायला एक फडताळ सापडलं.

घरी येताना यमुना बसमध्ये म्हणाली, “मित्र आहे असं नाही म्हणाले ते.”

“अगं, बोलण्याच्या ओघात राहिलं असेल,” बबन म्हणाला. तो रात्री मात्र बराच वेळ कूस बदलत होता.

लग्नाचा दिवस जुलैतला, स्वच्छ उन्हाचा. सकाळी अक्षता टाकताना बबनच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. संध्याकाळी हॉटेलपाशी उतरल्यावर यमुना बायकांबरोबर पुढं गेली. बबन मागून पेटी घेऊन आला. दारातल्या काळ्या कोटातल्या बाईनं पेटीकडे बघितलं आणि हसून म्हणाली, “बँड? धिस वे, लव्ह.”

“आय ॲम अ गेस्ट,” बबन म्हणाला. “अँड ऑल्सो द बँड.”

बाईनं दुसऱ्या एकाला विचारलं, मान हलवली, आणि पुन्हा तेच हसू हसून त्याला बोळातून मागच्या खोलीत नेलं. तिथं घडीच्या खुर्च्यांची चवड होती, इस्त्रीचं टेबल होतं, आणि पेपर चाळत हरजित बसला होता. त्याचे दिवे-स्पीकर आधीच हॉलमध्ये लागले होते. जेवणानंतरचा नाचगाण्याचा कार्यक्रम त्याच्याकडे होता. एका स्टुलावर चांदीच्या कागदानं झाकलेल्या दोन प्लेटा होत्या.

बबनला राग आला नाही. हातातल्या पेटीमुळं बाईचा घोटाळा झाला, असं त्यानं धरलं. त्यानं एका वेटरकडून अतुलला निरोप धाडला. अतुल बऱ्याच वेळानं आला, रेशमी फेट्यात, घामेजलेला.

“अरे बबन, सॉरी यार. हॉटेलवाल्यांनी टेबलांचा घोळ घातलाय. अजयकडची माणसं ऐनवेळी वाढली. आजच्या दिवस ॲडजस्ट कर ना. प्लीज. जेवण तेच आहे, मी स्वतः सांगितलंय.”

“अतुल, मला कोपऱ्यात खुर्ची दिलीस तरी...”

“बघतो, बघतो मी. तू तोवर खाऊन घे. शिल्पासाठी, हं?” आणि खांद्यावर थाप मारून तो गेला. जाताना त्यानं बबनच्या डोळ्यांत बघितलं नाही.

मुलीच्या बापाला त्या दिवशी हजार व्याप असतात. बबननं स्वतःची समजूत घातली. वाढली असतील माणसं. झाला असेल घोळ. बा, हा पाटील नाही, आपला अतुल आहे, एवढ्या एका दिवशी नियम मोडला तर चालेल ना? शिल्पाच्या तोंडाकडे बघून चालेल. त्यानं पेटी उघडली, सॅक्सोफोन जोडला, आणि पातं ओलं करायला ओठांत धरलं. झाकलेल्या प्लेटीला मात्र त्यानं हात लावला नाही.

एवढ्यात यमुना आली. पदर खोचलेला, चेहरा पांढराफटक.

“तुमची खुर्चीच नाही तिथं,” ती म्हणाली. “माझी आहे. ऑफिसातल्या गोऱ्यांच्या टेबलावर एकटीची. आणि ऐका, व्याह्यांच्या पलीकडच्या टेबलाला चांगल्या चार खुर्च्या रिकाम्या आहेत. मी वाट बघून बघून उठले.”

“येणार असेल कुणी.”

“कोण येणार? पुडिंग वाढायला लागलेत.”

बबन पातं तोंडात धरून तसाच बसला. हरजितला मराठी कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. भला माणूस होता तो. ज्यानं बबनचा धंदा खाल्ला, त्याच्या मनात बबनविषयी काडीचं वाईट नव्हतं. त्यानं पेपर बाजूला ठेवला आणि धीर द्यावा तसं म्हणाला, “पाजी, टेन्शन मत लेना. मन नहीं है तो मत बजाओ. गाना है मेरे पास.” त्यानं बॅगेतून एक सीडी काढून दाखवली. कोरी करकरीत, शिल्पाचंच गाणं. “अतुलजी ने पिछले हफ्ते ही दे दी थी. बोले, रख लो, बॉब का कुछ पक्का नहीं. शायद उस दिन ना बजाए.”

बबननं ओठांतलं पातं काढलं.

गेल्या आठवड्यातच. म्हणजे चहाच्या दिवशी, नाहीतर त्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा कुणी माणसं वाढली नव्हती, कुठल्या हॉटेलवाल्यानं घोळ घातला नव्हता. अतुलला सगळं आठवत होतं. रग्बीचा रस्ता, सनई, भांडं, ‘पंगत नसंल तं बाजा उचलू नको’. बबनला पंगतीत बसवायचं नाही हे त्यानं ठरवलं, त्यावर बबन काय करील याचा हिशेब मांडला, आणि दुकानात जाऊन सीडी घेऊन आला. विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्यानं अशी वापरली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. गोऱ्या मॅनेजरच्या छातीला छाती भिडवणारा तो वाघ आपल्याच गावच्या चार माणसांपुढं शेपूट घालून बसला होता. गोऱ्यांशी भांडून त्याचं जाणार काय होतं? त्या भांडणाची तर त्यानं वर्षानुवर्षं वाहवा घेतली होती.

बबननं सॅक्सोफोनचे भाग सुटे केले, प्रत्येक पुसला, आणि पेटीत ठेवून कड्या लावल्या.

“चला,” यमुना म्हणाली.

“थांब. तिला बघून जाऊ.”

दोघं हॉलच्या मागच्या दाराशी उभी राहिली. दिवे मंद झाले, हरजितनं नवरानवरीची नावं पुकारली, आणि शिल्पा मधे आली. अबोली रंगाची पैठणी, नाकात नथ. तिनं आधी स्टेजकडे बघितलं. स्टेजवर कुणी नव्हतं. तिनं मंजिरीकडे बघितलं, मग अतुलकडे. अतुलनं हात हलवून ‘सुरू करा’ अशी खूण केली. सीडी सुरू झाली. अजयनं तिचा हात धरला, दोघं गोल फिरायला लागली, आणि दुसऱ्याच फेऱ्यात अजयचा बूट साडीच्या काठावर पडला. शिल्पा अडखळली. बबनची बोटं पेटीच्या मुठीवर आपोआप हलली. इथं लांबवायला हवं होतं, एक श्वास, दोन श्वास, ती सावरेपर्यंत. गाणं पुढं निघून गेलं. ती त्याच्यामागं धावत राहिली, हसू ओठांवर तसंच धरून. मग तो सॅक्सोफोनचा तुकडा आला. कुठल्या तरी स्टुडिओत, कधी तरी, कुणी तरी वाजवलेला, अगदी निर्दोष. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अजयचे वडील सर्वांत जोरात वाजवत होते. काही कमी पडलं असं त्या हॉलमध्ये कुणालाच वाटलं नाही, एक ती पोरगी सोडून. तिची मान प्रत्येक फेऱ्यात स्टेजकडे वळत होती.

यमुनेनं बबनचं मनगट धरलं आणि त्याला बाहेर आणलं. ती दोघं पोर्चपर्यंत पोचली, तेव्हा मागून बुटांचा आवाज आला. अतुल पळत आला होता. फेटा हातात घेतलेला.

“बबन! अरे, असा न जेवता काय जातोस? शिल्पा विचारतेय. काय सांगू मी तिला?”

इंग्लंडच्या उन्हाळ्यात रात्रीपर्यंत असतं तसं बाहेर अजून चांगलं ऊन होतं. गाड्या लावायच्या जागेत अजयकडच्या बायका फोटो काढत होत्या. बबननं पेटी या हातातून त्या हातात घेतली. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. बापाबद्दल, व्हॅनमधल्या त्या रात्रीबद्दल, व्याह्यांच्या कपबशीबद्दल.

“अतुल,” तो म्हणाला, “तू विसरला असतास ना, तर मी आज वाजवलं असतं.”

अतुल फेट्याच्या झिरमिळ्या बोटांत गुंडाळत उभा राहिला. काय विसरलो असतो, असं त्यानं विचारलं नाही.